बुजवलेलं भोक

लाकडात भोक दिसलं की ते बुजवावं, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. धरणगावचं आमचं घर म्हणजे पुढे आबांचं सुतारकाम आणि मागे चूल. आबा बैलगाड्या करत, दारं-खिडक्या करत, जिनिंगवाल्यांची काही लाकडी कामं करत. रंधा त्यांचा आणि शेवटचा हात माझा. खडूची भुकटी, अळशीचं तेल आणि लाकडाचा रंग बघून चिमूटभर गेरू, असं मळून लांबी करायची, ती भेगांत, भोकांत भरायची, वाळली की काचकागद मारायचा आणि वर लाखेचं पॉलिश. गिऱ्हाईक भरलेल्या जागेवरून बोट फिरवून विचारायचं, "कुठे होती हो भेग?" तेव्हा आबा माझ्याकडे एकदा बघायचे आणि काही न बोलता तंबाखू मळायला लागायचे. तेवढ्या एका नजरेसाठी मी दिवसभर राबायचे.

पुढे कॉलेजसाठी अमळनेरला वसतिगृहात राहायला आले, पण हाताची ही खोड गेली नाही. तोंडाची तर मुळीच नाही. मेसच्या बाईंशी, रेक्टरशी, एसटीच्या कंडक्टरशी, कुणाशीही माझं वाजायचं. अन्याय कुठे चाललाय हे मला लांबूनच कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. ही ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते.

कॉलेजात परेडची तुकडी होती. मुलांची मोठी आणि मुलींची अठरा-वीस जणींची. कोठीत रायफली होत्या, सगळ्या जुन्या थ्री-नॉट-थ्री, उचलल्या की खांदा भरून येईल अशा. त्यांतल्या सहा परेडला आम्हा मुलींना मिळायच्या. त्या सहांच्या लाकडावर, पुढे एक आणि खांद्याला टेकायच्या दस्त्यावर एक, असे बोटभर रुंदीचे पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले होते. मुलांच्या रायफलींवर पट्टा नव्हता. शिवाय आमच्या सहाही रायफलींना एकाच जागी, बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत सारणाऱ्या खिट्टीच्या जरा पुढे, डाव्या अंगाला लाकडात भोक होतं. पट्टा कशाला आणि भोक कशाचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं. मुलांना धड रायफली, मुलींना किडक्या, आणि गल्लत होऊ नये म्हणून वर पट्टा! मुलं धुळ्याला चांदमारीवर जाऊन खऱ्या गोळ्या झाडून यायची, आणि आम्ही त्या पट्टेवाल्या रायफली खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायच्या. माझं डोकं तडकायला एवढं पुरेसं होतं.

मी परेडच्या सरांच्या मागे लागले. सर एरवी अर्थशास्त्र शिकवायचे; भला माणूस, पण भांडणाला घाबरणारा. "मुलींनाही फायरिंग द्या," असं मी दर रविवारी म्हणायचे आणि ते दर रविवारी म्हणायचे, "अगं, धक्क्यानं खांदा निखळेल."

"आमचे खांदे हंडे वाहून तयार झालेत, सर."

शेवटी कंटाळून ते म्हणाले, "वर लिहून बघतो." त्यांनी खरंच लिहिलं.

मला फायरिंगची हौस होती ती भांडणापुरती. खरी गरज होती ती माझ्या मैत्रिणीला. ती भडगावची, गिरणाकाठच्या बौद्ध वस्तीतली. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आम्ही एका खोलीत राहायचो. तिला फौजदार व्हायचं होतं. नुसतं म्हणायला नव्हे. ती पहाटे उठून धावायची, दोरीच्या उड्या मारायची, आणि परेडचं मोठं सर्टिफिकेट मिळालं तर भरतीत त्याचं वजन पडतं हे तिने चार ठिकाणी चौकशी करून पक्कं केलं होतं. त्या सर्टिफिकेटाला फायरिंग लागायचं. बोलायला ती कमी, आणि बोलायची ती घरचीच भाषा, सरांसमोरसुद्धा. मी तिच्या वाटचंही बोलायचे. तिला ते आवडायचं का, हे मी कधी विचारलं नाही.

खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी रंधे, पटाशा, करवती घासूनपुसून पाटावर मांडतात. कॉलेजातही रायफलींची पूजा व्हायची. आदल्या दिवशी कोठीची किल्ली सरांनी मुलींकडे दिली, कारण पूजा-बिजा म्हटलं की ती मुलींकडे. त्यावरूनही मी कुरकुरले. आम्हाला परेड शिकवणारे हवालदार, म्हणजे आमचे उस्ताद, तेव्हा रजेवर गावी गेले होते. त्यांना रायफल न् रायफल तोंडपाठ होती. ते असते तर त्यांनी मला पहिल्याच मिनिटाला हटकलं असतं. पण ते नव्हते, आणि माझ्या हातात किल्ली होती.

बाकीच्या मुली फडक्याने धूळ पुसत होत्या. मी आमच्या सहा रायफली बाजूला घेतल्या. रॉकेलचा बोळा आणि काचकागद घेऊन ते पांढरे पट्टे मी लाकडापर्यंत घासून काढले. काय समाधान वाटत होतं! मैत्रीण रायफल धरून बसली होती. ती पूजेला थांबणार नव्हती, पण सफाईला आली होती. "पूजा तुमनी, घासनं बठ्ठास्नं," घासणं मात्र सगळ्यांचं, असं म्हणून हसली होती.

पट्टे झाल्यावर मी घरून आणलेल्या जिनसांची लांबी मळली. रंग जुळेपर्यंत तीनदा गेरू घातला. पहिल्या रायफलीच्या भोकावर अंगठा टेकवला तेव्हा ती म्हणाली, "हाई भोक कसानं शे वं? उस्ताद येऊ दे, इचारी लेऊत."

"किडलंय ते. आणि विचारायचं काय त्यात? धर नीट."

तिने नीट धरली. मी लांबी दाबली. भोक खोल होतं. लाकूड संपून आत लोखंड लागत होतं आणि त्यातही लांबी जात होती. एवढं कळूनही मी थांबले नाही. भरेपर्यंत दाबली, बोल्ट काढून नळीच्या आतून फडकं फिरवलं, बाहेरून काचकागद मारला, पॉलिश चढवलं. सहाही रायफलींना तेच. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घालून सगळ्या ओळीने उभ्या केल्या तेव्हा सर म्हणाले, "वा! मुलांच्या कुठल्या आणि मुलींच्या कुठल्या, ओळखूच येत नाही." त्या दिवशी मी हवेत होते.

रजेवर गेलेल्या उस्तादांची तिकडूनच बदली झाली. ते एकदा येऊन ट्रंक घेऊन गेले, कोठीत आले नाहीत. दिवाळीनंतर नवे उस्ताद आले, तरणे, उत्तरेकडचे, घाईत असणारे. आणि थंडीत सरांच्या पत्राचं उत्तर आलं. मुलींना थ्री-नॉट-थ्रीच्या पाच-पाच गोळ्या मंजूर.

वसतिगृहात आम्ही पातेली बडवली. मैत्रिणीने घरी पत्र टाकलं.

जायच्या दिवशी सकाळी नव्या उस्तादांनी कोठीतून मुलांच्या चार रायफली काढल्या. पाचवी मी काढली. मुलींचा पहिला बार मुलींच्या रायफलीने व्हावा हा माझा हट्ट. सहांतली जी सगळ्यांत देखणी उतरली होती ती मी निवडली, मैत्रिणीसाठी. उस्तादांनी ती उलटसुलट केली, बोल्ट मागेपुढे केला, नळीतून एकदा उजेडाकडे बघितलं.

"ये फायरवाली है ना?"

"जी, उस्ताद."

मी खोटं बोलले नव्हते. पण मला माहीतही नव्हतं. माहीत नसताना तोंडातून इतक्या झटक्यात "जी" कसं निघालं, याचा धक्का मला आजही बसतो.

चांदमारी धुळ्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याला. ऊन चढलं होतं, वारा गार होता, आणि अलीकडच्या शेतांत वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. पहिल्या फेरीला पाच जणी. मैत्रीण सगळ्यांत डावीकडे. पालथं पडण्याआधी निशाणाच्या मधल्या काळ्या ठिपक्याकडे बोट करून तिने मागे वळून मला म्हटलं, "पाची गोया मझार टाकसू, देख तू." मी दुसऱ्या फेरीच्या रांगेत, तिच्या मागे पंधरा-वीस पावलांवर होते. तिने काडतूस भरलं. ते अडलं नाही. बोल्ट नेहमीसारखा पुढे गेला, नेहमीसारखा खाली बसला. मी हे बघत होते. काडतूस बसलं, बोल्ट लागला, म्हणजे सगळं ठीक, असंच कुणीही म्हणेल.

"फायर."

चार रायफलींचा आवाज पुढे गेला. पाचवीचा बाजूला आला. तो बार नव्हता. जाड कापड कुणीतरी टरकन फाडावं तसा, पण कान बधिर करणारा. तिच्या डाव्या बाजूने धूर आणि धूळ एकदम उडाली. लाकडाचा एक लांब तुकडा हवेत फिरत माझ्या पायाशी येऊन पडला. रायफल सोडून ती कुशीवर वळली, दोन्ही हात तोंडावर, आणि आवाज काही नाही. ओरडल्या त्या दुसऱ्या मुली. मी ओरडले नाही. मी तो तुकडा बघत उभी होते. त्याच्यावर माझं पॉलिश होतं.

माणसं धावली. शिट्ट्या वाजल्या. जीप आली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते उगाचच सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत होते. मला कुणीतरी जीपमध्ये ढकललं, मैत्रिणीचं डोकं मांडीवर दिलं. तिच्या डाव्या गालातून, कपाळातून, हाताच्या पंजातून रक्त येत होतं. डाव्या डोळ्याकडे बघवत नव्हतं. मी, जी कुणाचा एक शब्द ऐकून घेत नसे, त्या माझी दातखीळच बसली. धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत मी तिला "अगं" एवढंसुद्धा म्हटलं नाही.

ड्रेसिंगच्या खोलीत मला बाहेर काढायला कुणाला सुचलं नाही. डॉक्टर चिमट्याने एकेक वस्तू काढून तबकात टाकत होते. पितळेच्या चकत्या, नखाएवढ्या. लाकडाच्या सळ्या. आणि एक लालसर गोळी, हरभऱ्याएवढी. डॉक्टरांनी ती चिमट्यात धरून उजेडात फिरवली. "हे काय आहे? माती?" त्यांनी दाबली, तर ती भुगा झाली.

ती माती नव्हती. तो रंग जुळवायला मी तीनदा गेरू घातला होता.  भिंतीला पाठ लावून मी खाली बसले, आणि नर्सने मला पाणी दिलं, वर म्हणाली, "रक्त बघवत नाही ना?" मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब दवाखान्यात आले. नवे उस्ताद बरोबर होते. उस्तादांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पालथं पडताना पोरीने नळीचं तोंड मातीत टेकवलं असणार, नळी चोंदली आणि रायफल फुटली. बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "फायरवाली है ना" हे त्यांनी एका मुलीला विचारून घेतलं होतं, हे त्यांनाही आठवत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी एकदमच नजर वळवली.

साहेबांनी मैत्रिणीला विचारलं, "नळीत माती गेली होती का?"

"नही, साहेब."

"मग रायफल कशाने फुटली? भरताना काही वेगळं दिसलं का?"

तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजवा डोळा साहेबांकडे होता. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, हातभर अंतरावर. भोक मी बुजवत असताना रायफल तिने धरली होती. कशाचं भोक, हे तिनेच विचारलं होतं. तिला सगळं माहीत होतं, आणि मला सगळं माहीत होतं. ती थोडी थांबली. इतकी थांबली की साहेबांनी पेन वर केलं.

"माले काहीच माहीत नही, साहेब," ती म्हणाली.

ते थांबणं माझ्यासाठी होतं. मी तेव्हाच पुढे व्हायला हवं होतं. मी कॉटची दांडी धरून तशीच उभी राहिले. आपण इतक्या भेकड असू हे मला त्या दिवसापर्यंत खरंच ठाऊक नव्हतं. हा धक्का स्फोटापेक्षा लहान नव्हता.

मी धरणगावला निघून गेले. दोन दिवस आजारी म्हणून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी आबा गाडीच्या चाकाला आरे बसवत होते, तिथे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पट्टा, लांबी, पॉलिश, "जी उस्ताद", तबक. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर हातोडी खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं.

"भोक गोल व्हतं का?"

"हो."

"साहीच्या साही गोल? एकच मापनं?"

"हो, आबा."

"मंग ते गिरमिटनं शे. किडा आसं गोल पाडत नही. तुले माहीत नही का?"

मला माहीत होतं. गिरमिटाने, म्हणजे हाताने फिरवायच्या हत्याराने पाडलेलं भोक आणि किड्याने पोखरलेलं भोक यांतला फरक मला शाळेत असल्यापासून बोटाने कळत होता. किड्याचं भोक वाकडं जातं, कडेला भुसा सांडतो, सहा लाकडांना एकाच जागी एका मापाचं तर कधीच पडत नाही. कुणीतरी मुद्दाम, मोजून, ती सहा भोकं पाडली होती. माझ्या बोटाला ते कळलं होतंच. पण मुलींना किडक्या रायफली दिल्यात हे मी आधी ठरवून बसले होते. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि तंबाखूची डबी न उघडताच खिशात ठेवली.

नवव्या दिवशी मी धुळ्याला परत गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मैत्रिणीचे वडील बाकावर बसले होते, धोतर-टोपी, मांडीवर कागद. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

"काल डॉक्टर बोलले," ते म्हणाले. "डावा डोळा गेला. उजेड तेवढा कळेल कदाचित." मग कागद माझ्या हातात दिला. चौकशीचा कागद होता. सरळ दोन ओळी होत्या: अपघात कॅडेटच्या निष्काळजीपणामुळे झाला, सर्टिफिकेटसाठी तिचा विचार होऊ नये.

"डोळ्याचं आपण काय करणार," ते म्हणाले. "फौजदारकी तर त्याच्याबरोबरच गेली. पण हा शब्द... ही पोर मातीत नळी खुपसणारी नाही, बाई. मी तिला ओळखतो. आमच्या पोरांच्या नावाला हा शब्द फार लवकर चिकटतो आणि निघत नाही. उद्या शाळेत मास्तरीण म्हणून गेली तरी कुणीतरी हाच कागद काढेल."

मी तो कागद परत दिला आणि आत न जाताच एसटी स्टँडवर आले. अमळनेरची गाडी धरली. सरांच्या घरी जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. सर दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "हे बाहेर काढू नकोस. किल्ली मी दिली होती. आणि मुलींचं फायरिंग कायमचं बंद होईल, तुला कळतंय का?" मला कळत होतं. मी साहेबांना लिहून दिलं, सही केली, आणि खाली लिहिलं की बाकीच्या पाच रायफली कोठीत आहेत, त्या उघडून बघा.

साहेब आले ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन. धुळ्याचे मुसलमान कारागीर, उभा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी पहिली रायफल टेबलावर घेतली, जाड भिंगाने डावं अंग पाहिलं, हात फिरवला. काही सापडेना. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्यांनी बारीक टोच्याने माझी लांबी उकरली. टोच्या लाकडातून गेला, लोखंडातून गेला आणि थेट काडतूस बसतं त्या घरात निघाला.

मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. या रायफली म्हाताऱ्या झालेल्या, फायरिंगमधून बाद केलेल्या. त्यांत कुणी चुकूनही गोळी झाडू नये म्हणून काडतुसाच्या घराला मुद्दाम भोक पाडलेलं आणि वर पांढरा पट्टा ओढलेला. काडतुसावर आपटून बार पेटवणारी आतली टाचणी खरं तर काढायची. पण परेडला घोडा ओढल्यावर टक् असा आवाज यावा म्हणून ती कुणीतरी राहू दिलेली. "काडतूस तो इसमें भी बराबर बैठता है, बेटी," ते म्हणाले. "वोच तो डर है." काडतुसाचं पितळ पत्र्यासारखं पातळ असतं, बार पेटला की ते फुगतं, आणि त्याला धरून ठेवतात त्या घराच्या भिंती. भिंतीला भोक असलं की सगळा जोर तिथून बाहेर पडतो. डाव्या अंगाने. डाव्या डोळ्याकडे.

हे सगळं ते शांतपणे सांगत होते. मग उकरलेली लांबी त्यांनी बोटावर घेतली, न उकरलेल्या दुसऱ्या रायफलीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला, आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "काम एकदम साफ किया है. मेरे को भी नहीं दिखता."

आयुष्यभर मी ज्या शब्दांसाठी काम केलं ते हेच शब्द होते. मी टेबलाखाली ओकले.

कागद बदलला. "निष्काळजीपणा" हा शब्द मैत्रिणीच्या नावापुढून निघाला आणि माझ्या नावापुढे लागला. फायरिंग पुरं झालं असं धरून तिचं सर्टिफिकेट मंजूर झालं. नव्या उस्तादांना त्यांच्या पलटणीत परत बोलावून घेतलं, सरांनी परेड सोडली, माझं नाव तुकडीतून काढलं. आणि सर म्हणाले होते तसंच झालं, मुलींचं फायरिंग बंद पडलं. मी तिथे असेपर्यंत तरी ते पुन्हा सुरू झालं नाही.

नवा कागद घेऊन मी धुळ्याला गेले. वाटेत, मी पोचले की ती काय म्हणेल, याची मी सतरा उत्तरं तयार केली होती. ती रडेल, मी रडेन. ती शिव्या देईल, मी ऐकून घेईन. ती म्हणेल जाऊ दे. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

ती कॉटवर बसली होती, पाठीशी उशी, हाताला बँडेज, तोंड खिडकीकडे. मी तिच्या डावीकडे, पट्टीच्या बाजूला स्टुलावर बसले. कागद वाचून दाखवला. मग मी सरांना काय म्हटलं, साहेबांना काय लिहून दिलं, मिस्त्री काय बोलले, सगळं सांगितलं. बोलत सुटले. इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर पडत होतं. शेवटी म्हटलं, "माझ्यामुळे झालं गं. मी सांगितलं सगळ्यांना."

 खाली कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं.

"डोयानं काही नही," ती म्हणाली. "ती चूक व्हती." मग, तेवढ्याच शांत आवाजात, "पन साहेबनी माले इचारं तवय तू आठेच उभी व्हती. माले वाटनं व्हतं, आते तू सांगशी. मी थांबनू बी."

मी तिचं नाव घेऊन हाक मारली. आता मला बघायचं तर तिला अख्खा चेहरा माझ्याकडे वळवावा लागणार होता. मी वाट बघत बसले. तिने मान वळवली नाही.